पाटकरीण

आमच्या उरशागा गावात पाणी वाटायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे होतं. तिचं नाव अमाएझेन. तिच्याआधी ते काम आईकडे होतं, आईच्या आधी तिच्या आईकडे. थोरल्या मुलीनं पाट सांभाळायचा आणि लग्न झालं की नवऱ्यानं तिच्या घरी राहायला यायचं, ही आमच्याकडची रीत. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. मला तिनंच कडेवर घेऊन बांधावर फिरवलं.

बुरानुन नदीचा एक फाटा आमच्या शिवारातून जायचा. ताई उजाडायच्या आत बांधावर असे. हातात खुणा केलेला बोरूचा लांब दांडा. तो पाण्यात उभा धरायचा, खूण बघायची आणि पायानंच मातीचं दारं फोडायचं किंवा बुजवायचं. तिनं दारं बुजवलं की त्या शेताची पाळी संपली, मग कुणी काही बोलत नसे. एकदा मी माझ्या कांद्याच्या वाफ्यासाठी थोडं जास्त पाणी मागितलं. माझी बहीण आहे, देईल, असं मला वाटलं होतं. चार लोकांसमोर ती म्हणाली, "कांदा मलाही आवडतो उरशुल, पण पाळी संपली." लोक हसले. पुढे वर्षभर मला सगळे कांदा म्हणायचे.

तिची आणखी एक सवय होती. दरवर्षी शिवाराचा एक चतकोर ती कोरडा ठेवायची. ज्याचं शेत त्यात येई, तो कुरकुर करायचा. "जमिनीला जरा तहान लागू दे," एवढंच ती म्हणायची. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी विशीत असताना नांगर आला. त्याआधी आम्ही कुदळीनं शेत करायचो, बायका-पुरुष सगळेच, आणि पोरं पाठीला बांधून बायका आमच्या पुढे जायच्या. शहराच्या देवळाकडून नांगर मागून आणला तो ताईनंच. चाडं लावलेला, तास पडतापडता बी सोडणारा. दोन बैल आणि रुमण्यावर जोर देणारा एक गडी, एवढ्यात दहा कुदळींचं काम व्हायचं. पाठी दुखायच्या थांबल्या. मात्र अंगावर पिणारं मूल घेऊन दिवसभर बैलांमागं चालणं कुठल्या बाईला जमेना. मग पुरुष नांगराकडे गेले आणि बायका अंगणाकडे. सातू दुप्पट पिकला, म्हणजे दळण दुप्पट झालं. खायला मुबलक झालं तशी मुलंही जास्त झाली. कुदळी भिंतीला टांगल्या गेल्या. आम्ही सगळे खूश होतो, आणि ताई सगळ्यांत जास्त. यात काही बिघडतंय असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

नांगरावर सगळ्यांत तयार हात एनमुशचा. धिप्पाड, मनमोकळा, खदाखदा हसणारा माणूस. कुणाचा बैल आजारी पडला तर स्वतःचा त्याला वापरायला द्यायचा.

त्यानंतर चारेक वर्षांनी वरच्या अंगाच्या झिमरा गावानं फाट्यावर बांध घातला आणि आमचं पाणी आटलं. झिमराचे लोक परके नव्हते, बोलीही एकच. दरवर्षी तिथली पाटकरीण आणि ताई शिवेवर भेटायच्या, भाकरी आणि सुकी मासळी खायच्या, आणि उठेपर्यंत वर्षाच्या पाण्याचं ठरलेलं असायचं. ताई याही वेळी गेली. संध्याकाळी परतली. मी खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं, की ती बाई रडत होती. झिमरानं कुणा एकाला लुगाल नेमलाय, म्हणजे मोठा माणूस, आणि तो तिचं ऐकत नाही. "आता माझ्या हातात काही राहिलं नाही," असं ती ताईला म्हणाली होती.

गावची बैठक झाऊच्या झाडाखाली बसायची. घरटी एक माणूस, बाई असो की बाप्या. त्या दिवशी सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की आपणही एक मोठा माणूस नेमावा, भाले घेऊन जावं आणि बांध फोडावा. नाव एनमुशचं निघालं. दुसरं निघणारच नव्हतं. बैठकीतली सगळ्यांत म्हातारी बाई निगार, तिनं देवळातली दगडी गदा आणून त्याच्या हातात दिली. तेव्हा ताई उभी राहिली.

"एनमुश, ही खाली कधी ठेवशील ते आत्ताच सांग."

"पाणी आलं की," तो हसत म्हणाला. "इथंच ठेवीन, तुझ्यासमोर."

खोटं बोलत नव्हता तो. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, त्याचा चेहरा मला दिसत होता.

आम्ही चाळीस जण गेलो. दोन महिने बांधाजवळ तळ ठोकून होतो. मागे गाव बायकांनी चालवलं, पेरणीसुद्धा त्यांनीच उरकली, भिंतीवरच्या कुदळी काढून. शेवटी लढाई झाली. ती मी सांगत बसत नाही. बांध फुटला, पाणी सुटलं, झिमराचे पुरुष मारले गेले किंवा पळाले. येताना आम्ही पाण्याबरोबर अकरा बायका आणल्या.

हे कुणी ठरवलं होतं असं नाही. त्या तिथं होत्या, आम्ही जिंकलो होतो, त्यांना मागे सोडून आलो असतो तर मेल्या असत्या, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी भाला चांगला चालवला म्हणून एनमुशनं त्यातली एक माझ्या घरी दिली. गेशी तिचं नाव. सतरा-अठरा वर्षांची असेल. मी तिला दंडाला धरून अंगणात आणलं. ताई चुलीपाशी होती. तिनं मुलीकडे पाहिलं आणि हातातली काठवट खाली ठेवली. गेशी त्या रडणाऱ्या पाटकरणीची मुलगी होती. शिवेवर आईसोबत यायची. ताईनं तिला लहानपणापासून पाहिलेलं.

ताईनं तिला पाणी दिलं, बसवलं. मग मला बाजूला घेतलं.

"ही कुणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे कुणाची? माझी की तुझी?"

मी म्हटलं, "मला दिलीय. माझी."

"आपल्या घरात आजवर माणूस कुणाचं नव्हतं, उरशुल," ती म्हणाली. "शेळ्या होत्या."

मला राग आला. मी जिवावर उदार होऊन लढून आलो होतो आणि माझं कौतुक करायचं सोडून ती मला शेळ्यांचं सांगत होती. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

त्या अकरा जणी लोकर विणायला बसल्या. गावाबाहेर त्यांच्यासाठी मागाची लांब खोप बांधली. पहिल्याच महिन्यात दोघी पळाल्या, म्हणून दाराला बाहेरून अडसर बसवला. दिवसा विणायचं, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी जायचं. कापड चांगलं निघायचं आणि शहरात त्याला मागणी होती. हात कमी पडू लागले तशा गावातल्या मुलीही तिथं जाऊ लागल्या, त्यांच्या आयाच पाठवायच्या. अडसर होता तिथंच राहिला. आपल्या मुली आत आहेत म्हणून तो काढून टाकावा, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मी स्वतः कितीदा तरी येताजाता तो सरकवलाय.

एनमुशनं गदा खाली ठेवली नाही. पहिल्या वर्षी पळालेले लोक परत येतील म्हणून, दुसऱ्या वर्षी आणखी कुठलं गाव उठलं म्हणून. कारण खरं असायचं, तो बनवत नव्हता. पाणी राखायचं तर झिमराच्या फुटलेल्या बांधाजवळ पहारा हवा, पहारेकरी तिथं, म्हणून हळूहळू बैठकही झाऊखालून उठून तिथं गेली. गावापासून अर्ध्या दिवसाची चाल. पोरंबाळं, दळण, माग सोडून बायका तिथं कशा येणार? निगार दोनदा आली आणि मग तिचे गुडघे राहिले. ताई मात्र यायची. आली की पुरुष आदरानं सरकून जागा द्यायचे, कुणी वेडंवाकडं बोलत नसे. पण बोलणं भाल्यांचं आणि पहाऱ्याच्या पाळ्यांचं, त्यात तिला विचारावं असं काही निघत नसे. ती ऐकून परत जायची.

एका बैठकीला तिला यायला उशीर झाला. तिच्या मुलीला ताप होता. घरं मोजताना एनमुशनं विचारलं, "अमाएझेनच्या घरचं कोण बोलणार?"

मी म्हटलं, "मी."

तेव्हा ते एवढंसं वाटलं. मी घरचाच होतो, तिथं बसलेलो होतो. दुपारी ताई धुळीनं माखलेली आली, तेव्हा मी बोलून मोकळा झालो होतो. ती एका कडेला बसली, भाकरी खाल्ली, आणि माझ्याबरोबर परत चालत आली. पुढच्या वेळेस एनमुशनं विचारलंच नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं.

पुढे दोन वर्षांनी नदीला पाणीच कमी आलं. ताईनं पाळ्या आखडल्या, सगळ्यांच्या सारख्याच. एनमुशचं शेत आता बरंच मोठं झालं होतं. त्याची पाळी संपली तसं तिनं दारं बुजवलं. त्याच्या गड्यानं ते फोडलं. तिनं पुन्हा बुजवलं. मग एनमुश स्वतः बांधावर आला. मागे दहाबारा माणसं, त्यात मी.

मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही, तिच्याशी काही बोललाच नाही. ती समोर उभी होती, घोटाभर पाण्यात, हातात बोरू घेऊन. तिच्या डोक्यावरून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "उरशुल, तुझ्या बहिणीला सांग."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आयुष्यात पुष्कळ माणसांच्या समोर उभा राहिलोय, भाल्यांच्याही. पण त्या दिवशी इतक्या लोकांनी माझ्या तोंडाकडे बघावं आणि मी काही सांगावं, याचं मला आतून बरं वाटलं. ते लपवण्यात आता अर्थ नाही.

मी म्हटलं, "ताई, घरी चल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी लहानपणी पाटात पडलो होतो आणि तिनं मला ओढून काढलं होतं, तेव्हा तिनं असंच न्याहाळून पाहिलं होतं, कुठं लागलंय का म्हणून. मग तिनं बोरू बांधावर ठेवला आणि निघाली. एनमुशनं तो उचलून माझ्या हातात दिला.

तेव्हापासून गावाचा पाटकरी मी.

ताई त्या हिवाळ्यात मागावर बसली. तिचा नवरा लुबी मासे धरायचा, अबोल माणूस. तो तिला म्हणाला होता म्हणे, की पाणथळीत माझे भाऊबंद आहेत, तिथं कुणी कुणाला सांग म्हणत नाही. पेरणीच्या सणाला सारा गाव देवळाकडे लोटला होता, नळ्या लावून सातूची दारू पीत होता. त्या भर दुपारी ताई मागाच्या खोपीकडे गेली, अडसर काढला, आणि आत असलेल्यांना म्हणाली, ज्यांना यायचं त्यांनी या. बहुतेक जणी बसून राहिल्या. त्यांना आता मुलं होती, आमची. गेशी उठली. ताई, लुबी, त्यांची मुलगी आणि गेशी, चौघं डांबर लावलेल्या बोरूच्या होडीतून निघून गेली.

एनमुशनं मला पाठवलं. घर माझं, बहीण माझी, बाईही माझीच, तेव्हा तूच घेऊन ये, म्हणाला. मी तीन दिवस होडी वल्हवत होतो. चौथ्या दिवशी लव्हाळ्यातल्या एका बेटावर गेशी मासे खारवताना दिसली. मला पाहून ती पळाली नाही. मागे सरली, खाली वाकून तिनं मासे कापायची सुरी उचलली आणि तशीच उभी राहिली. मी होडीतून उतरलोच नाही.

ताई काठावर येऊन बसली. मी तिला म्हटलं, की चल परत, मी एनमुशशी बोलतो, तुला कुणी काही म्हणणार नाही.

"मला कुणी काही म्हणत नव्हतंच," ती म्हणाली. "तुला म्हणत होते. मला सांगायला."

तिनं भाजलेला मासा दिला, मी खाल्ला. निघताना मी विचारलं, तू त्याच दिवशी बांधावर का भांडली नाहीस, मी तरी काय केलं असतं. ती म्हणाली, "भांडायला तू वळायला हवा होतास, माझ्या बाजूला. मी वाट पाहिली थोडी." बस, एवढंच.

परत येऊन मी सांगितलं, सापडल्या नाहीत. आयुष्यात एनमुशशी मी बोललेलं हे एकच खोटं. त्याला ते कळलं असावं. त्यानं दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, त्याचंही ताईवर प्रेम होतंच.

मी पाणी चांगलं वाटायचो, लोकांना जास्त आवडायचो, कारण मी कुणाला नाही म्हणत नसे. चतकोर कोरडा ठेवणं पहिल्याच वर्षी बंद केलं. आठ वर्षांनी शेतांच्या कडांना पांढरं दिसू लागलं. पहाटे वाटे दहिवर पडलंय. बोट लावून चाटलं तर मीठ. सातू आधी खुजा झाला, मग पिवळा, मग उगवेचना. आम्ही आणखी पाणी सोडलं. आणखी मीठ आलं.

मी पाणथळीत गेलो. दरवर्षी जातच होतो, पोतंभर सातू घेऊन. त्या वर्षी पोतं अर्धंच होतं. ताईनं ते उचललं आणि काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं. तिनं विचारलं, चतकोर ठेवतोस ना कोरडा? मी म्हटलं, नाही.

मग तिनं मला सगळं सांगितलं. पाणी जास्त झालं की खालचं मीठ कसं वर चढतं, कुठल्या महिन्यात दारं बंद ठेवायची, कोरड्या चतकोरात कुठली काटेरी झुडपं उगवू द्यायची म्हणजे त्यांची मुळं जमीन खोलवर सुकवतात. आईनं तिला असंच बसून सांगितलं होतं. मला मात्र ते काठावर बसून दोन दिवसांत पाठ करावं लागलं. गेशी मागे जाळं विणत ऐकत होती आणि मी चुकलो की दुरुस्त करत होती. तिलाही हे तिच्या आईकडून ठाऊक होतं.

बैठकीत मी हे मांडलं. एनमुश तेव्हा गेला होता, गदा त्याच्या मुलाकडे होती. त्यानं विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. मी खरं सांगितलं असतं तर ते हसले असते आणि शिवार गेलं असतं. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं पाणी वाटतोय, माझ्या पाहण्यात आलंय." त्यांनी ऐकलं. पाच वर्षांत निम्मी जमीन उठली, पुन्हा पिकू लागली. देवळात माझ्या नावानं मेंढा कापला. ताईला जाऊन सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, जमीन उठली ना? हो म्हटल्यावर म्हणाली, मग झालं. पण त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर जेवायला बसली नाही. जाळी बघायला जाते म्हणून होडी घेऊन गेली.

गेल्या वर्षी ताई गेली. लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळून आम्ही तिला तिथंच पुरलं, मी आणि गेशीनं. गेशीचे केसही आता पांढरे झालेत. पुरून झाल्यावर ती पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, पुढच्या वर्षी सातू आणायची गरज नाही.

परत आल्यावर मी बैठकीत उभा राहिलो. मी सांगितलं, की जमीन उठवण्याची युक्ती माझी नव्हती. या गावात पाणी बायका वाटायच्या. बैठकीला बसायच्या. माझी बहीण अमाएझेन हिनं सगळं शिकवलं, आणि तिला बांधावरून घरी मीच पाठवलं.

सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं. एनमुशच्या नातवानं मला बसायला मदत केली आणि समजुतीनं म्हणाला, "आजोबा, बायका कशा पाणी वाटतील? हे पहिल्यापासून असंच आहे." मी म्हटलं, पहिल्यापासून नाही, मी पाहिलंय, असं होत गेलं, त्यातलं थोडं मीच केलं. मागच्या रांगेतला एक पोरगेला माणूस नाव आठवायचा प्रयत्न करत होता. त्यानं विचारलं, "अमाएझेन म्हणजे कुणाची बायको?"

मी सांगेपर्यंत बैठक बैलांच्या चाऱ्याकडे वळली होती.